लाभापासून दहापर्यंत

माणसानं माणसावर उगारलेल्या प्रत्येक हातामागे एक आंधळा क्षण असतो, आणि तो क्षण ज्यानं जिंकला त्यानं जग जिंकलं.

हे वाक्य मी मिरजेहून निघताना वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. कर्जत स्टेशनाबाहेर पडल्यावर पाऊण तासाच्या आत मी एका रिक्षावाल्याला "तुम्हाला लाज नाही वाटत?" असं सगळ्या नाक्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं. तो अर्धा तास मला रिक्षात बसवून स्वतः वडा खात उभा होता.

"वाटते ना मावशी," तो शांतपणे म्हणाला. "पण पाचवं शीट आल्याबिगर गाडी हालत नाय."

मी रागावर ताबा कसा मिळवावा हे शिकवणारं शिबिर पाहायला चालले होते.

शिबिर अशा लोकांसाठी होतं, ज्यांनी कधीतरी कुणाला तरी खरोखर मारलं होतं. काहींची शिक्षा भोगून झाली होती, काहींना न्यायालयानं चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं होतं. एक संस्था त्यांच्यासाठी वर्षभर दर रविवारी बैठक घेई आणि शेवटी दहा दिवसांचा मुक्काम. त्या संस्थेला स्मरणिका काढायची होती आणि लेख लिहून देणारं, मानधन न मागणारं कुणीतरी हवं होतं. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आहेत. पुस्तकं परत न करणाऱ्यांशी बोलण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हा विषय परका नाही, असं त्यांना वाटलं असावं.

नाक्यावरच्या धुळीनं शिंका सुरू झाल्या, म्हणून मी औषधाच्या दुकानातून एक पाकीट गोळ्या घेतल्या. त्यांनी झोप येते हे दुकानदारानं सांगितलं नाही. त्यामुळे पुढचे तीन दिवस मी जे पाहिलं ते अर्धवट जागेपणी पाहिलं आहे. वाचकांनी तेवढी सूट द्यावी.

पाचवं शीट आलं, रिक्षा निघाली, आणि उजवीकडे माथेरानचा डोंगर आमच्याबरोबर चालू लागला. माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट, आणि पायथा धुरकट उन्हात विरून गेलेला, त्यामुळे तो जमिनीला टेकला आहे असं वाटतच नव्हतं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. खाली पिकलेलं भात पसरलं होतं, आणि भाताच्या मधूनमधून फार्महाऊसच्या कमानी. आमच्याकडे उसाच्या शिवारात माणूस घराला आईवडिलांचं नाव देतो. इथं थेट परलोकाचं देतात. दोन स्वर्ग आणि एक मोक्ष मागे टाकल्यावर आमचं शिबिर आलं.

कोरडा तलाव

फार्महाऊस कुणा दात्यानं दहा दिवसांपुरतं दिलं होतं. त्यात पोहण्याचा तलाव होता, पण तळाला तडा गेल्यानं तो कोरडा होता. शिबिराचे वर्ग त्या तलावात भरत.

मी काठावर येऊन खाली पाहिलं ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही. निळ्याशार फरश्या, भिंतीवर तीन फूट, चार फूट, पाच फूट असे आकडे, आणि पाच फुटांच्या टोकाला सतरंजीवर मांडी घालून बसलेले बारा पुरुष. वर आंब्याच्या फांद्या. पानांची सावली त्यांच्या अंगावरून पाण्यासारखी हलत होती. ज्याचा गुन्हा मोठा त्याला खोल भागात बसवतात असं मला आधी वाटलं. नंतर कळलं, तिकडे ऊन येत नाही.

शिकवणारे नितीन सर चाळिशीचे, किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे. "राग वर चढतोय असं वाटलं की काय करायचं? मुठी सोडायच्या. तोंड मिटायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. आज मोठ्यानं मोजू."

बाराही जणांनी मोजायला सुरुवात केली. तलावातून वर येणारा तो आवाज पाण्याखालून आल्यासारखा घुमत होता. माझे डोळे मिटायलाच आले होते, तेवढ्यात त्या घुमण्यात एक वेगळा शब्द ऐकू आला.

"लाभ, दोन, तीन, चार…"

"बाळाराम," सर म्हणाले. "एक."

"हा सर. लाभ."

सगळे हसले. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा तो माणूस कसनुसा झाला. "अंगात बसलंय सर. खळ्यावर पयली पायली एक म्हटली तर आय पाठीत घालायची. आन् मधी बोललं की माप मोडलं, परत लाभापासनं."

धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं, ही रीत आमच्याकडेही होती. आता वजनकाटा आला. तो काहीच म्हणत नाही.

संध्याकाळी छापील प्रश्नावली वाटली. 'गेल्या आठ दिवसांत आपणांस किती वेळा राग अनावर झाला?' पुढे चार पर्याय. बाराही जणांनी 'एकदाही नाही' वर खूण केली. शिबिराच्या सुरुवातीला याच प्रश्नाला निरनिराळी उत्तरं आली होती, म्हणजे प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. पाहुण्यांना दाखवायचा तक्ता तयार होत होता.

बाळाराम कागद हातात घेऊन माझ्याजवळ आला. "मॅडम, हे खरं हाय, पण खरं नाय."

"म्हणजे?"

"इथं कुणावर राग येनार? दोन टायमाला जेवान, वर पंखा. माझा राग तिकडं वावरात हाय. त्याला मी इथं आनलाच नाय."

रागाच्या विषयावर मी बरंच वाचून गेले होते. एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलेलं आठवत नाही.

एक दिवसाची सुट्टी

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली बसून त्यानं आपली गोष्ट सांगितली. मी गोळी घेतली होती, डोंगर पुन्हा तरंगत होता, कुठून तरी गाडीची शिट्टी आली आणि बराच वेळ हवेत राहिली.

त्याचं गाव लोधिवलीहून थोडं आत. हिराजी हा त्याचा थोरला चुलत भाऊ. दोघांची भातखाचरं वरखाली. सात वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत हिराजीनं आपल्या वरच्या खाचरात पाणी अडवलं. बोलाचाली झाली, हिराजी त्याच्या मेलेल्या बापावरून काहीतरी बोलला, आणि बाळारामानं फावड्याचा दांडा घातला. हिराजीनं डावा हात मध्ये घातला म्हणून डोकं वाचलं. हात मात्र कायमचा अधू झाला. आमच्याकडे भावकीतला राग कोर्टात जातो आणि तिथं सुखानं म्हातारा होतो. इथं तो आधी हातात आला आणि मग कोर्टात गेला.

बाळाराम शिक्षा भोगून वर्षापूर्वी सुटला. कुंभिवलीला हायवेवरच्या एका गोदामात माल चढवतो, तिथंच झोपतो. घरी नाही. सुगंधा, त्याची बायको, दारात उभं करत नाही.

"मी म्हटलं, शिबिराचं सर्टिफिकेट मिलनार हाय. ती म्हनली, तुमचं सर्टिफिकेट मला चुलीला पन पुरायचं नाय. सावडीत या. हिरादादाच्या बाजूची पात धरा. हातात इळा घेऊन दिवसभर त्याच्या शेजारी कापा. दिवस मावळंस्तवर दोघं धड राहिलात तर बघू."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या तुझ्या. सुगंधानं ही सात वर्षं हिराजीच्या शेतातली कापणी एकदाही चुकवली नव्हती, त्यामुळे तिच्या कापणीला येणं हिराजीला भाग होतं. बाळाराम तिथं असेल हे तिनं त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, शेत तुझं हाय.

अडचण एवढीच होती की कापणी दुसऱ्या दिवशी होती, आणि दुसऱ्या दिवशी समारोप. पाहुणे येणार होते, दाते येणार होते, आणि शिबिरार्थींतर्फे मनोगत बाळारामच बोलणार होता.

बाळारामानं नितीन सरांकडे एक दिवसाची सुट्टी मागितली. "शेवटच्या दिवशी जो नसेल त्याचं शिबिर पूर्ण धरता येत नाही," ते म्हणाले. "नियम मी नाही केलेला. तुझ्यापुढे अपूर्ण लिहावं लागेल."

"लिवा सर."

"बरं, जा." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सोबत जाल का? नाही म्हटलं तरी दोघांच्या हातांत विळे असणार."

मी चौसष्ट वर्षांची आहे आणि मला सर्दी झाली होती. मी तिथं नक्की काय अडवणार, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

शिवार

सकाळी न्यायला आला तो तोच रिक्षावाला. "मावशी, दोनच शीट हाय. तरी निघालो, बघा," असं म्हणून त्यानं स्टार्टर मारला.

धुकं इतकं दाट होतं की आम्ही कुठंतरी जात आहोत हे फक्त खड्ड्यांवरून कळत होतं. माथेरान नाहीसं झालं होतं. मधूनच एखादं झाड पुढे येई, आमच्याकडे पाही आणि मागे सरकून विरून जाई. चौक गावाच्या पुढे हायवेचा घोंघाट ऐकू येऊ लागला, पण वाहनं दिसेनात. धुक्यात समुद्र वाजावा तसा तो आवाज दिवसभर शेताच्या कडेला वाजत राहिला.

सुगंधा बांधावर उभी होती. काटक बाई, पदर कमरेला खोचलेला. तिनं मला "या ताई" म्हटलं आणि नवऱ्याला काहीच नाही. त्याच्यासाठी आणलेला विळा तिनं त्याच्या हातात दिला नाही. बांधावर ठेवला आणि दोन पावलं मागे झाली. त्यानं तो उचलला.

आठ माणसं ओळीनं बसली, प्रत्येकाची एक पात, म्हणजे कापायची एक पट्टी. टोकाला ठकूबाय नावाची दात पडलेली म्हातारी होती, जिचा विळा आणि जीभ दोन्ही सारख्याच वेगानं चालत. मध्ये हिराजी, आणि त्याच्या डाव्या बाजूला, अधू हाताच्या बाजूला, बाळाराम. ही जागा सुगंधानं नेमून दिली होती.

कापणीचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आठ विळे एका लयीत खर्र, खर्र, आणि मध्ये ओल्या ताटांची सळसळ. दहिवरानं सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले. ऊन वर आलं तसं धुकं शेतातूनच वाफ निघावी तसं उठलं आणि त्यातून डोंगर हळूहळू परत आला, आधी माथा, मग कडा, मग पायथा. मी बांधावर कळशीजवळ बसून होते. मला वाटतं मी दोनदा डुलकी घेतली.

पण हिराजीचा हात मी नीट पाहिला. त्याची तीन बोटं मिटत नव्हती. मूठभर भात तो अंगठा, तर्जनी आणि मनगट यांच्यात दाबून धरी, कापी, आणि चार ताटं निसटून जात. ती वेचायला परत वळे. त्याची पात मागे राहिली.

"हिराजी," ठकूबाय ओरडली, "तुझी पात शिमग्याला पोचल काय रं?"

"ज्यानं हात मोडला त्याला इचार गं म्हातारे."

बाळारामाचा विळा थांबला नाही. त्याची पात सगळ्यांच्या आधी संपली. आणि मग त्यानं चूक केली. ती वाईट माणसाची चूक नव्हती, सवयीची होती. ज्याची पात आधी होते त्यानं शेजाऱ्याच्या पातीला पुढच्या टोकानं भिडायचं, अशी तिथली रीत. तो उठला आणि हिराजीच्या पातीत समोरून बसला.

हिराजी ताडकन उभा राहिला.

"उठ! माझ्या पातीला हात लावू नको. हात मोडून आता भीक घालतोस व्हय रं बाळ्या? बाप तसाच होता तुझा. आधी मारायचा, मग पाय चेपायचा."

सगळे विळे थांबले. हायवेचा समुद्र एकदम जवळ आला.

बाळाराम उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. विळा हातात होता आणि हिराजी तीन पावलांवर. सुगंधाही उठली, पण मध्ये गेली नाही. नुसती पाहत राहिली. तिचा सगळा संसार त्या तीन पावलांत उभा होता आणि तिला तो आपल्या हातानं वाचवायचा नव्हता. मी पाहिलं तर माझ्या हातात पाण्याची कळशी होती. ती मी कशासाठी उचलली होती हे मला आजही सांगता येत नाही.

बाळारामाचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतोस? शिव्या देतोस?" हिराजी म्हणाला.

"नाय. मोजतोय."

"काय मोजतोस?"

"राग."

हिराजी क्षणभर थांबला. मग खळ्यावर विचारावं तसं त्यानं विचारलं, "किती भरला?"

"सात."

"आन् दहा झाल्यावं काय?"

बाळारामानं विचार केला. मनापासून केला. "फुडचं सरांनी सांगितलं नाय."

ठकूबाय पहिली हसली. मग तिच्या शेजारची, मग सगळी ओळ. हिराजी हसला नाही. तो त्याच रागीट चेहऱ्यानं म्हणाला, "मधी बोललास. माप मोडलं. परत लाभापासनं घे."

आणि बाळाराम, हातातला विळा खाली टाकून, भर शेतात मोठ्यानं मोजू लागला. लाभ. दोन. तीन. माप चालू असताना बोलायचं नसतं, त्यामुळे कुणी बोललं नाही. दहा झाल्यावर हिराजी खाली बसला आणि जिथं सोडलं होतं तिथून कापू लागला. बाळाराम बांधावर जाऊन बसला. हिराजीनं आपली पात एकट्यानं संपवली. तास गेला. तोवर कुणीही जेवणाची पाटी सोडली नाही.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाची चटणी. आमची ज्वारीची भाकरी हातात धरली तर ताठ राहते. ही पिठाला उकड काढून केलेली, रुमालासारखी पडते. ठकूबायनं माझ्या पानात आग्रहानं चटणी वाढली, आणि तीन दिवस बंद असलेलं माझं नाक एका घासात मोकळं झालं. ते पाकीट मी पुन्हा उघडलं नाही.

ऊन कलल्यावर हिराजी निघाला. बाळारामाकडे त्यानं पाहिलं नाही. सुगंधाला एवढंच म्हणाला, "उद्या माझ्याकडं. दोन इळे आन."

रस्त्यावर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. बाळारामानं विळा पुसून सकाळी होता तिथंच बांधावर ठेवला आणि उभा राहिला. गोदामात परत जायचं तर हीच गाडी. यानंतर त्या गावातून काही निघत नाही.

सुगंधा भाताकडे पाहत म्हणाली, "कोंबड्या झाकायच्या ऱ्हायल्यात. लाल कोंबडी पाटीखाली जात नाय, चोच मारते. बघा तुमाला जमते का."

कोंबड्या दिवेलागणीला झाकतात. तो घराकडे गेला. मी एकटीच रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. "एकच शीट?" तो म्हणाला, आणि निघाला.

समारोप

मी पोचले तेव्हा समारंभ चालूच होता, कारण प्रमुख पाहुणे अडीच तास उशिरा आले होते. ते संयमावर बोलत होते. मध्येच माइक किंचाळला, तेव्हा त्यांनी माइकवाल्याला माइकवरूनच 'गाढव' म्हटलं आणि पुन्हा संयमावर आले. अकरा जणांना प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल मिळालं. निळ्या तलावात उतरून सगळ्यांचा फोटो निघाला. पाहुणे पाच फुटांच्या आकड्यासमोर उभे राहिले.

गाड्या गेल्यावर नितीन सर तलावाच्या काठावर पाय सोडून बसले. मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे उपयोग झाला?"

"आज झाला."

ते खालच्या रिकाम्या सतरंजीकडे पाहत राहिले. "खरं सांगू? काही जण आमच्याशिवायही थांबले असते. काही जण आमच्यामुळेही थांबणार नाहीत. मधले जे थोडे असतात त्यांच्यासाठी हे सगळं. आणि मधला कोण हे मला बारा जणांकडे पाहून ओळखता येत नाही." मग जरा वेळानं, "दहानंतर काय ते सांगायला हवं होतं, नाही?"

आंब्यातून उतरणारा अंधार तलावात हळूहळू भरत गेला. तीन फूट, चार फूट, पाच फूट.

स्मरणिका वेळेवर निघाली. पाहुण्यांचा फोटो पहिल्या पानावर आहे आणि शेवटच्या पानावर तक्ता: पूर्ण अकरा, अपूर्ण एक. माझं ते जग जिंकण्याचं वाक्य संपादकांना फार आवडलं. ते त्यांनी चौकटीत छापलं.

माघात मी सुगंधाला फोन केला. इकडचंतिकडचं झाल्यावर विचारलं, "राग येतो का गं अजून त्यांना?"

"येतो की ताई. परवा मांजर बोंबलाच्या डब्यात तोंड घालून बसलं व्हतं. यांनी फुकणी उचलली."

"मग?"

"मग काय, उबे ऱ्हाऊन मोजत बसले. दहा हुईस्तवर मांजर बोंबील घेऊन गेलं."